गरोदरपणात आपल्या वाट्याला किती प्रदूषित हवा येते? घरच्या घरी मोजायची पद्धत

मोबाइलवर पुण्यातल्या शिवाजीनगरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, १३२ दाखवत होता. पण वहिनी त्या वेळी शिवाजीनगरला नव्हतीच. सिंहगड रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ती ठेच्यासाठी मिरच्या परतत होती, आणि आवाज होतो म्हणून चिमणी बंद होती. पाचवा महिना लागलेला. ओट्यावर ठेवलेल्या यंत्रातला पीएम २.५ चा (म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा) आकडा ४१ वरून बघता बघता २६० वर गेला आणि आम्ही दोघी खोकत गॅलरीत आलो. वहिनी म्हणाली, "अगं, मग खरा आकडा कुठला? मोबाइलवरचा की हा?"

दोन्ही खरे. एक शहराचा, दुसरा त्या क्षणी तिच्या नाकासमोरचा. पण आपल्याला हवा असतो तो तिसराच, म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांत तिच्या वाट्याला सरासरी किती आलं. तो कुठल्याही ॲपवर मिळत नाही, काढावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक बरं यंत्र आणि थोडी चिकाटी पुरते.

गरोदरपणात दर मिनिटाला आत घेतली जाणारी हवा साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. बारीक कणांचा संबंध कमी वजनाच्या आणि दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळांशी अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. मोजायचं ते यासाठी. घाबरून घरात कोंडून घ्यायला नव्हे.

आधी ठरवा, नेमकं काय मोजायचं

सगळं मोजायला जाल तर काहीच धड होणार नाही. बहुतेक घरांसाठी पीएम २.५ पुरेसा. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असे हे कण नाकातल्या केसांना चुकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. ते मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या एककात मोजतात. पुढे मी नुसतं 'मायक्रोग्रॅम' म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस आहे वर्षाची सरासरी ५ आणि चोवीस तासांची १५. भारताचं २००९चं मानक आहे वर्षाला ४० आणि चोवीस तासांना ६०. आपल्याकडचा 'मर्यादेत' हा शब्द ऐकताना हा फरक डोक्यात असू द्या.

घरात चूल, कोळशाची शेगडी किंवा बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड वेगळा मोजायचा. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गळला की जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. इथे तसं काही नसतं. हा वायू आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतो आणि बाळाच्या रक्तातून उतरायला जास्त वेळ घेतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असताना डोकं जड झालं, मळमळलं, तर आकड्याची वाट बघू नका. बाहेर या, गीझर बंद करा, दवाखाना गाठा. आणि गीझर त्या बाथरूममधून कायमचा काढा.

हमरस्त्याला लागून राहणाऱ्यांच्या बाबतीत नायट्रोजन डायऑक्साइडही महत्त्वाचा, पण तो घरी नीट मोजण्याजोगं स्वस्त साधन मला भेटलेलं नाही. तो सरकारी केंद्राच्या आकड्यावरच सोडा.

वही: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन

यंत्र घ्यायच्या आधी तीन दिवसांची वही लिहा. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. रविवार हवाच, कारण त्या दिवशी मटण शिजतं, पाहुणे येतात, जाळीजळमटं निघतात. जागा किंवा काम बदललं की नोंद. तासातासाला लिहायची गरज नाही. वहिनीच्या वहीतलं एक पान असं होतं:

५:५० उठले. खिडकी बंद.
६:२० आईंनी देवापुढे उदबत्ती, कापूर. मी हॉलमध्येच.
६:४५ ते ७:५० स्वयंपाक. पोळ्या, भाजी. चिमणी लावली.
८:३५ स्कूटरवर मागे बसून ऑफिस. सिग्नलला फार वेळ. मास्क नाही.
९:२० ऑफिस, एसी, खिडक्या उघडत नाहीत.
६:१० परत. आज बसने.
७:१५ ते ८:१० स्वयंपाक.
९:०० डास फार, कॉइल लावली. १०:३० झोपले.

एवढ्या आठ ओळींत यंत्राशिवायच अर्धं उत्तर आहे. वहिनीला स्वतःला वाटत होतं की तिला धोका रस्त्यावरचा. वही म्हणत होती, रस्त्यावर ती दीड तास असते आणि कॉइलच्या खोलीत रात्रभर.

लिहिताना पाच गोष्टी सुटू देऊ नका: काय जळत होतं (गॅस, सरपण, उदबत्ती, धूप, कॉइल, कुणाची विडी), खिडकी-दार उघडं की बंद, चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू होता का, प्रवास कशाने, आणि आजूबाजूला बांधकाम किंवा कचरा जाळणं होतं का. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर रोज सात वाजता पाला पेटवणारा वॉचमन आम्हाला वहीमुळेच सापडला.

सरकारी केंद्राचा आकडा वाचताना फसू नका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे ॲप फुकट आहे. पुणे आणि मुंबईसाठी पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'सफर' आहे. घराजवळचं केंद्र निवडा, पण 'जवळचं' म्हणजे फक्त अंतराने नव्हे. तुम्ही टेकडीच्या कडेला आतल्या गल्लीत राहत असाल आणि केंद्र चौकात असेल, तर तीन किलोमीटर लांबचं पण तुमच्यासारख्याच वस्तीतलं केंद्र जास्त खरं बोलेल.

आता फसगत. एक्यूआय म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हे. ॲपवर पीएम २.५ समोर जो आकडा दिसतो तोही बहुधा उपनिर्देशांक, म्हणजे त्या एकाच घटकाचा निर्देशांक असतो. भारतीय पद्धतीत ० ते ५० निर्देशांक म्हणजे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत, १०० म्हणजे ६०, २०० म्हणजे ९०, ३०० म्हणजे १२० आणि ४०० म्हणजे २५०. अधलेमधले आकडे त्याच प्रमाणात. म्हणजे सुरुवातीचा तो १३२ जर पीएम २.५ मुळे आला असेल तर हवेत साधारण ७० मायक्रोग्रॅम होते. तीच हवा अमेरिकन पद्धतीने दाखवणारं ॲप १६०च्या आसपास सांगेल. परदेशी ॲप 'वाढवून सांगतं' असं लोक म्हणतात. ते वाढवत नाही, फक्त त्याची फूटपट्टी वेगळी आहे. वहीत नेहमी मायक्रोग्रॅमच लिहा, म्हणजे हा घोळ होणार नाही.

दुसरं, पीएम २.५ चा भारतीय निर्देशांक मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर असतो. सकाळी सातला दिसणाऱ्या आकड्यात कालची दुपारही बसलेली असते. 'आत्ता फिरायला जाऊ का' याचं उत्तर त्यात नाही. त्यासाठी मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय तासागणिक आकडे मिळतात, ते बघा. मधले काही तास रिकामे असले तर ते शून्य धरू नका, सोडून द्या.

आणि एक घरगुती समजूत. गरोदर बाईने पहाटे फिरावं, हवा ताजी असते, असं सगळेच सांगतात. पावसाळ्यात ठीक. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत बसून राहते, वरची गरम हवा तिच्यावर झाकण घालते आणि रात्रभराचा धूर खालीच कोंडतो. आम्ही मोजलं तेव्हा वहिनीच्या गल्लीत सकाळी साडेसहापेक्षा दुपारी चारला आकडा निम्म्याहून कमी होता. तुमच्या गल्लीत कसं आहे ते तुम्हीच मोजा. दोन दिवस दोन वेळा, पंधरा पंधरा मिनिटं.

यंत्र: कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं

मी पहिलं यंत्र घेतलं त्यावर हसरा-रडका चेहरा होता आणि रंगीत दिवा. आकडा विचाराल तर एक्यूआय, तोही कुठल्या देशाचा ते लिहिलेलं नाही. पैसे वाया. घेताना एवढंच बघा: पीएम २.५ मायक्रोग्रॅममध्ये दाखवतं का, दर मिनिटाची नोंद साठवून ती फाइल बाहेर काढता येते का, आणि बॅटरीवर दिवसभर चालतं का. आत लेझरचा सेन्सर असावा. शेजारी दिसणारे फॉर्माल्डिहाइड वगैरेचे आकडे स्वस्त यंत्रात शोभेपुरतेच. पीएम १० चाही (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) बहुतेक अंदाजच असतो. ही यंत्रं रस्त्यावरची जाडी धूळ नीट पकडत नाहीत.

लेझरचं यंत्र कण तोलत नाही. कणांवरून उडालेला उजेड मोजून वजनाचा अंदाज करतं. हे समजून घेतलं की त्याच्या खोड्याही समजतात. कुकरची शिट्टी झाली की आकडा उसळतो, कारण त्याला पाण्याचा थेंबही कणच वाटतो. हवेत दमटपणा जास्त असला की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र जास्तीचा आकडा देतं. कोकणात आणि मुंबईत हे वर्षातले कितीतरी महिने होणार. धुकं असतानाचा आकडा तर सरळ कंसात टाका, हिशेबात धरू नका.

यावर उपाय म्हणजे यंत्राची शहानिशा. सरकारी केंद्राच्या आसपास ओळखीचं कुणी राहत असेल तर त्यांच्या गॅलरीत, पावसा-उन्हापासून आडोशाला, दोन-तीन दिवस यंत्र ठेवा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी मात्र नको. मग त्याच तासांची केंद्राची सरासरी काढा. समजा तुमचं यंत्र ७८ म्हणतंय आणि केंद्र ६०, तर ६० भागिले ७८, म्हणजे सुमारे ०.७७. पुढच्या प्रत्येक आकड्याला ०.७७ ने गुणायचं. हिवाळ्यातला गुणक पावसाळ्यात चालत नाही, ऋतू बदलला की पुन्हा काढा. फोडणीच्या किंवा लाकडाच्या धुराचे कण रस्त्यावरच्या कणांसारखे नसतात, म्हणून स्वयंपाकघरात हा गुणक ढोबळच. तरीही काही न करण्यापेक्षा बरा.

यंत्र नाकापासून हातभराच्या आत हवं. पर्सच्या आत टाकलं तर ते पर्सची हवा मोजतं. पर्सच्या पट्ट्याला वरच्या बाजूला, गळ्याजवळ अडकवा, आणि साडीचा पदर किंवा ओढणी त्याच्या जाळीवर येऊ देऊ नका. ऑफिसात टेबलावर, पण एसीच्या झोतात नको. रात्री उशाशी, पलंगाच्या उंचीवर. आंघोळीला जाताना बाहेर ठेवा आणि वहीत तसं लिहा. वहिनी दुसऱ्या दिवशी ते गॅलरीतच विसरून ऑफिसला गेली. तो दिवस आम्ही सरळ खोडला. अंदाजाने भरला नाही.

संशोधकही फार वेगळं करत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात गरोदर बायकांनी शेवटच्या तिमाहीत ४८ तास पाठीवर पिशवी वागवली होती; तिच्यातला पंप त्यांच्या श्वासाजवळची हवा ओढत होता. पंपाच्या पद्धतीत हवा एका गाळणीतून जाते आणि ती गाळणी आधी आणि नंतर तोलतात. मिनिटाला ४ लिटर हवा ओढली तर दिवसात ५.७६ घनमीटर होते. गाळणीचं वजन ४०० मायक्रोग्रॅमने वाढलं तर सरासरी ६९. हेच खरं 'वजन'. आपलं लेझरचं यंत्र त्याची नक्कल करतं.

हिशेब

प्रत्येक जागेचा सरासरी आकडा गुणिले तिथले तास. सगळ्यांची बेरीज भागिले २४. बस. एक नमुना करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

झोप ८ तास, आकडा ४५: ३६०
स्वयंपाक २ तास, १४०: २८०
प्रवास दीड तास, ११०: १६५
ऑफिस ८ तास, ४०: ३२०
घरात इतर साडेचार तास, ५०: २२५

बेरीज १३५०, भागिले २४, म्हणजे ५६. स्वयंपाक आणि प्रवास मिळून दिवसातले साडेतीनच तास, पण वाट्याला आलेल्या कणांतला एक तृतीयांश हिस्सा तिथला. आता याच बाईच्या खोलीत रात्रभर कॉइल जळतेय आणि झोपेचा आकडा ४५ ऐवजी १२० झालाय असं समजा. बेरीज १९५०, सरासरी ८१. बाकी दिवसात काहीही न बदलता. कॉइल बंद करून मच्छरदाणी लावणं हा मास्कपेक्षा मोठा उपाय ठरतो, आणि हे कुठल्याही शहराच्या आकड्यात दिसणार नाही.

चुलीचं गणित आणखी उघडंवाघडं आहे. चुलीपुढे ३ तास ६०० आणि उरलेले २१ तास स्वच्छशा ४० मध्ये: १८०० अधिक ८४०, भागिले २४, सरासरी ११०. तीन तासांनी दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा खाल्ला. अशा घरात सरकारी केंद्राचा आकडा बघण्यात वेळ घालवूच नका.

आठवडे, ऋतू आणि माहेर

एका दिवसाची सरासरी म्हणजे गरोदरपण नव्हे. प्रत्येक तिमाहीत निदान एकदा तीन दिवस मोजा. तिमाही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरा, किंवा सोनोग्राफीने तारीख बदलली असेल तर तिच्यावरून. १० ऑगस्टची पाळी असेल तर पहिली तिमाही १५ नोव्हेंबरपर्यंत, दुसरी २१ फेब्रुवारीपर्यंत, आणि प्रसूतीची तारीख १७ मे. म्हणजे या बाईची पहिली तिमाही पाऊस आणि दिवाळीत, दुसरी सगळी थंडीत. न मोजलेल्या महिन्यांसाठी केंद्राची मासिक सरासरी वापरता येते. मोजलेल्या दिवसांत तुमचा आकडा केंद्राच्या सव्वापट आला असेल तर त्या महिन्यांनाही सव्वापट धरा. पंखे, खिडक्या, स्वयंपाकाच्या सवयी बदलल्या नसतील तरच.

मग आपल्याकडचा खास पेच. पहिलटकरीण डोहाळजेवण झालं की सातव्या महिन्यात माहेरी जाते. फाइलवर पत्ता पुण्याचा आणि शेवटचे तीन महिने श्वास दुसऱ्याच गावचा. पत्त्यावरून हिशेब करणारा मोठा अभ्याससुद्धा इथे चुकू शकतो. आपण चुकायचं कारण नाही: माहेरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात वही आणि यंत्र पुन्हा सुरू करा.

वहिनीचं माहेर बार्शीजवळ. आम्हाला वाटलं, गाव म्हणजे हवा छान, आता मोजायचं काय. परसात मात्र आंघोळीच्या पाण्याचा बंब, तुराट्या आणि गोवऱ्यांवर रोज सकाळी पेटणारा, आणि वहिनीच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच बाजूला. सकाळचे दोन तास खोलीतला आकडा पुण्याच्या सिग्नलपेक्षा वर. बाकीचा दिवस खरोखरच चांगला होता. बंब भिंतीच्या पलीकडे हलवला, आणि तिच्या काकूंनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, एवढीच किंमत पडली.

आकडा हातात आल्यावर

आलेला आकडा डॉक्टरांना दाखवा, पण त्यावरून बाळाच्या वजनाचं भाकीत मागू नका. भारत (तामिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात सुमारे ३२०० गरोदर बायकांवर झालेल्या 'हापिन' या चाचणीत निम्म्यांना गॅस दिला, निम्म्या सरपणावर राहिल्या. सगळ्यांच्या अंगावर चोवीस तास यंत्र लावून गरोदरपणात पुन्हा पुन्हा मोजलं. गॅसवाल्यांचा मध्यक (चढत्या क्रमात लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आला सुमारे २४ मायक्रोग्रॅम, चूलवाल्यांचा ७१. आणि २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांचं सरासरी वजन होतं २,९२१ आणि २,८९८ ग्रॅम. ठोस म्हणावा असा फरक नाही. म्हणून धूर निरुपद्रवी ठरत नाही. त्याचे परिणाम फक्त वजनात नसतात. पण एका बाईच्या एका आकड्यातून एका बाळाचं भविष्य काढता येत नाही, हे त्यातून नक्की कळतं.

आकड्याचा उपयोग क्रम लावायला करा. गुणाकाराच्या यादीत सगळ्यात मोठा गुणाकार कुठला, तो आधी हाताळा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा तीन दिवस मोजा. आम्ही आधी कॉइल काढली, मग चिमणी 'आवाज करू दे' म्हणून चालू ठेवली, आणि उदबत्ती आईने आपणहून एकीवर आणली. "देव काही धुरावर मोजत नाही," असं तीच म्हणाली.

एक जागा मात्र अशी आहे जिथे हे यंत्र तुम्हाला चक्क फसवेल, आणि ती बाळंतपणानंतर येते. शेक-शेगडी. ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी दिली की आकडा वर जातो, ते दिसतं. पण धूर संपून नुसते लाल निखारे राहिले की पीएम २.५ खाली येतो, सगळ्यांना वाटतं आता हवा साफ झाली, आणि बाळाला वारा नको म्हणून दार लावून घेतात. निखारे त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात, आणि तो लेझरला दिसत नाही. त्याचा अलार्म मिळतो, पण तोही कमी पातळीला गप्पच राहतो, म्हणून तो वाजला नाही याचा अर्थ सगळं ठीक असा घेऊ नका. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. वहिनीच्या आईने शेगडी पेटवली ती अंगणात, तिच्यावर पिशवीसाठीचं पाणी तापवलं, आणि शेगडी तिथेच ठेवून फक्त पिशवी आत आणली.